बर्लिनमधील चोरांचे न्यायासन

पहिल्या महायुद्धाच्या पराभवानंतर ज्या बर्लिन शहरात चलन मातीमोल झाले आणि बेकारीने घरोघरी ठाण मांडले, त्या शहरात सराईत गुन्हेगारांच्याही रीतसर संस्था नांदत होत्या. तुरुंगातून सुटलेल्यांना आधार द्यावा या हेतूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या या ‘रिंगफेराइन’ मंडळ्या सभासदांकडून वर्गणी घेत, कैदेत पडलेल्याच्या कुटुंबाचा परामर्श घेत आणि मृताची अंत्ययात्रा इतमामाने काढीत. दुसऱ्या बाजूस अर्न्स्ट गेनाट या पोलीस अंमलदाराने १९२६ साली खुनांच्या तपासाचे स्वतंत्र खाते उभारले होते.

हे दोन्ही कारभार दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याने १९३१ च्या ‘एम’ या चित्रपटात समोरासमोर आणले. एल्झी नावाची बालिका शाळेतून घरी परतत नाही; तिचा खून झालेला असतो. खुन्याच्या शोधार्थ चाललेल्या पोलिसांच्या झडत्यांमुळे धंदा बुडू लागलेले चोर त्याला स्वतःच पकडतात आणि एका ओसाड मद्यभट्टीत त्याच्यावर खटला चालवतात. तेथे आरोपी आपल्या अनावर विकृतीचा आक्रोश करतो, त्याला वकीलही मिळतो. आणि बालहत्येने संतप्त झालेल्या प्रेक्षकास, ज्यांचे हात स्वतःच रक्ताने माखले आहेत अशांच्या पंक्तीस आपण बसलो आहोत, ही जाणीव अस्वस्थ करून सोडते. लांगचे हे धारिष्ट मला त्याच्या भव्य चित्रपटांहून थोर वाटते.

पटकथेची सहलेखिका, लांगची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बो, हिने पुढे बेळगावकडून जर्मनीस गेलेले पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी विवाह केला. १९३४ साली नाझी राजवटीने ‘एम’वर बंदी घातली.