स्टॅन्ली कोवाल्स्की

स्टॅन्ली कोवाल्स्की हे अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९४७) या नाटकातील एक प्रमुख काल्पनिक पात्र आहे. इलिया कझान यांनी १९५१ मध्ये याच नावाने केलेल्या चित्रपटात मार्लन ब्रँडो यांनी ही भूमिका साकारली आणि रांगड्या, हिंसक परंतु शारीरिकदृष्ट्या अत्यंत आकर्षक पुरुषाचा तो चित्रपटसृष्टीतील सर्वांत परिचित नमुना ठरला. स्टॅन्ली गरोदर पत्नीवर हात उगारतो आणि मेव्हणीवर बलात्कार करतो. तरीही तो प्रेक्षकाला हवाहवासा का वाटावा, हा प्रश्न या पात्राविषयीच्या बहुतेक लेखनाच्या केंद्रस्थानी राहिला आहे.

कथानकातील स्थान

स्टॅन्ली हा पोलिश वंशाचा अमेरिकन कामगार असून दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात सार्जंट होता. न्यू ऑर्लिन्समधील एलिझियन फील्ड्स या रस्त्यावरील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो पत्नी स्टेलासह राहतो. बोलिंग, पत्ते, बिअर आणि मित्रमंडळी हे त्याचे विश्व. विल्यम्स यांनी रंगसूचनेत त्याची तुलना कोंबड्यांमध्ये वावरणाऱ्या ऐटदार, पिसारेदार नराशी केली आहे. स्त्री दिसताच तिची लैंगिक प्रतवारी करणारी त्याची नजरही त्याच सूचनेत नोंदवलेली आहे. नाटकातील त्याच्या पहिल्याच प्रवेशात तो खाटकाकडून आणलेले मांसाचे पुडके खालूनच स्टेलाकडे फेकतो आणि ती ते हसत झेलते. या दांपत्याच्या संसाराची सारी कल्पना त्या एका कृतीतून येते.

स्टेलाची थोरली बहीण ब्लांश डुब्वा वडिलोपार्जित मळा गमावून या घरी आश्रयाला येते आणि संघर्ष सुरू होतो. ब्लांश स्टॅन्लीला अश्मयुगातून उरलेला, वानरसदृश प्राणी म्हणते. तो हे आडून ऐकतो, पण स्टेला त्याच क्षणी त्याच्याच गळ्यात पडते. अंधारात स्त्री-पुरुषांमध्ये जे घडते त्यापुढे बाकी सारे क्षुल्लक वाटू लागते, अशा आशयाचे उत्तर स्टेला बहिणीला देते. लग्नाच्या रात्री स्टॅन्लीने तिच्या सपातेने घरातले दिवे फोडले होते, हेही ती तक्रारीच्या नव्हे, तर कौतुकाच्या सुरात सांगते. स्टॅन्लीच्या आकर्षणाचे वर्णन नाटककाराने असे एका स्त्रीच्या तोंडी ठेवले आहे. बहिणीला त्यात भरणारी धडकीही नाटककाराने तितक्याच सहानुभूतीने रंगवली आहे.

रंगभूमीवरील अवतार

नाटकाचा पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या एथेल बॅरिमोर थिएटरमध्ये झाला. जेसिका टँडी (ब्लांश), किम हंटर (स्टेला) आणि कार्ल माल्डन (मिच) हे अन्य प्रमुख कलावंत होते. स्टॅन्लीसाठी आधी जॉन गारफील्ड या प्रस्थापित नटाचे नाव पुढे होते. नाटकातील स्टॅन्ली अठ्ठावीस ते तीस वर्षांचा आहे, तर ब्रँडो त्या वेळी अवघे २३ वर्षांचे होते. त्यांचे वाचन ऐकल्यावर विल्यम्स यांनी आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून कळवले की, नट तरुण असल्यामुळे पात्राचे क्रौर्य मुरलेल्या दुष्टाव्यासारखे न वाटता तारुण्यातील बेफिकिरीसारखे वाटते. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण पुढे पात्राविषयी जी सहानुभूती निर्माण झाली तिचे बीज या निवडीतच होते. स्टॅन्लीचा अपराध तोच राहिला, फक्त तो करणाऱ्याचा चेहरा कोवळा झाला.

याचा परिणाम प्रेक्षागृहात लगेच दिसला. स्टॅन्लीच्या टोमण्यांवर हशा पिकू लागला आणि ब्लांशची चेष्टा होऊ लागली. ब्रँडो यांच्या अभिनयामुळे नाटकाचे पारडे स्टॅन्लीकडे झुकते आणि प्रेक्षक नकळत त्याच्या विजयात सामील होतो, असा आक्षेप समीक्षक हॅरल्ड क्लर्मन यांनी घेतला. पुढे दौऱ्यावरील प्रयोगांचे दिग्दर्शन क्लर्मन यांनीच केले. त्यात उटा हेगन आणि अँथनी क्विन यांच्या भूमिका होत्या आणि केंद्रस्थान पुन्हा ब्लांशकडे नेण्याचा प्रयत्न होता.

चित्रपटातील अभिनय आणि वेशभूषा

चित्रपटात टँडी यांच्याऐवजी विवियन ली यांना घेण्यात आले. त्यांनी लॉरेन्स ऑलिव्हिये यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनमध्ये ब्लांश साकारली होती. बाकी तिघे मूळ कलावंत कायम राहिले. ली यांचा अभिनय जुन्या, घोटीव परंपरेतील होता, तर ब्रँडो हे स्टेला अ‍ॅडलर यांचे शिष्य. ते शब्द अर्धवट चावत, बोलताना फळ खात, अंग खाजवत, मध्येच अनपेक्षित मृदू होत. दोन अभिनयपद्धतींमधील हे अंतर दोन पात्रांमधील सामाजिक अंतराला पूरक ठरले.

वेशभूषाकार लुसिंडा बॅलार्ड यांचा वाटाही मोठा आहे. टी-शर्ट हा तोवर प्रामुख्याने गंजीफ्रॉकसारखा, शर्टाच्या आत घालायचा कपडा होता. बॅलार्ड यांनी तो धुऊन आटवला आणि अंगाला चिकटेल असा बेतला. घामाने भिजलेला, फाटलेला तो टी-शर्ट चित्रपटाच्या जाहिरातींपेक्षा अधिक टिकला. हॉलिवूडमध्ये न्याहाळण्याची वस्तू म्हणून कॅमेऱ्यापुढे स्त्रीचे शरीर ठेवण्याचा प्रघात होता. येथे कॅमेरा पुरुषाच्या शरीरावर रेंगाळतो आणि बऱ्याचदा ती नजर पडद्यावरील एखाद्या स्त्रीची असते. ब्लांश पहिल्या भेटीत स्टॅन्लीला टी-शर्ट बदलताना पाहते आणि नजर कोठे ठेवावी हे तिला कळत नाही. हा प्रसंग त्याचे उत्तम उदाहरण आहे.

ब्रँडो यांना स्वतःला हे पात्र आवडत नव्हते. आपण स्टॅन्लीच्या नेमके उलट आहोत, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे.

सेन्सॉरची कात्री

चित्रपटाला दोन चाळण्यांतून जावे लागले. जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाकडे निर्मितिसंहितेची अंमलबजावणी होती. ब्लांशच्या दिवंगत पतीच्या समलैंगिकतेचा उल्लेख त्यांनी काढायला लावला. बलात्काराचा प्रसंग मात्र कझान आणि विल्यम्स यांनी हट्टाने राखला. पडद्यावर फुटणारा आरसा दिसतो आणि लगेच रस्ता धुणाऱ्या पाण्याचा फवारा. त्याबदल्यात स्टॅन्लीला शिक्षा होणे आवश्यक मानले गेले. नाटकाच्या अखेरीस स्टेला नवऱ्याजवळच राहते, तर चित्रपटात ती बाळाला घेऊन वरच्या मजल्यावरील शेजारणीकडे निघून जाते. अर्थात, याआधीही ती मार खाऊन वर गेलेली आणि परत उतरलेली प्रेक्षकाने पाहिलेली असते, त्यामुळे हा बदल कितपत खरा मानायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

दुसरी चाळणी कॅथलिक 'लीजन ऑफ डीसन्सी' या संस्थेची होती. निषिद्ध वर्गात टाकले जाण्याच्या भीतीने वॉर्नर ब्रदर्सने कझान यांना न विचारता काही मिनिटांचे चित्रण कापले. त्यात प्रसिद्ध जिन्याचा प्रसंग होता. पत्त्यांच्या रात्री स्टेलाला मारल्यानंतर स्टॅन्ली अंगणात उभा राहून तिच्या नावाने टाहो फोडतो आणि ती हळूहळू जिना उतरून त्याच्याकडे येते. किम हंटर यांची त्या वेळची जवळून घेतलेली दृश्ये गाळण्यात आली आणि अ‍ॅलेक्स नॉर्थ यांचे त्यामागील संगीत अतिशय कामुक ठरवून बदलण्यात आले. बलात्कारापूर्वीचे, स्टॅन्लीचा हेतू उघड करणारे एक वाक्यही गेले. आक्षेप पुरुषाच्या हिंसेपेक्षा स्त्रीच्या इच्छेला अधिक होता, हे या कपातींवरून दिसते. पतीने मारल्याचे दृश्य राहिले, पण तरीही तो हवा असल्याचे पत्नीच्या चेहऱ्यावर दिसणे चालले नाही. कझान यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून निषेध नोंदवला. कापलेला भाग १९९३ मध्ये पुन्हा जोडण्यात आला.

चित्रपटाला ऑस्करची १२ नामांकने आणि ४ पुरस्कार मिळाले. ली, हंटर आणि माल्डन या तिघांना अभिनयासाठी गौरवण्यात आले. ब्रँडो यांचा पुरस्कार मात्र 'द आफ्रिकन क्वीन'साठी हम्फ्री बोगार्ट यांना गेला.

पूर्वसुरी आणि उत्तराधिकारी

स्टॅन्ली अगदी निराधार उगवला नाही. 'अ फ्री सोल' (१९३१) मध्ये क्लार्क गेबल यांचा गुंड नायिका नॉर्मा शिअररला दांडगाईने खुर्चीत ढकलतो. सभ्य प्रियकराच्या भूमिकेतील लेस्ली हॉवर्ड बाजूला राहिले आणि गेबल तारा झाले. ब्रिटनमध्ये 'द सेव्हन्थ व्हेल' (१९४५) मध्ये जेम्स मेसन यांचा पालक पियानो वाजवणाऱ्या नायिकेच्या बोटांवर काठी उगारतो आणि शेवटी तीच त्याला निवडते. स्टॅन्लीचे वेगळेपण असे की, त्याचे आकर्षण आणि त्याने केलेला विध्वंस दोन्ही एकाच कथेत पूर्णपणे दाखवले जातात आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

नंतरच्या काळातील 'हड' (१९६३) हे उदाहरण बोलके आहे. दिग्दर्शक मार्टिन रिट आणि पॉल न्यूमन यांना आत्मकेंद्री, स्त्रियांशी क्रूर वागणाऱ्या देखण्या पुरुषाचा पोकळपणा दाखवायचा होता. तरुण प्रेक्षकांनी मात्र हडलाच आदर्श मानले आणि याचे दोघांनाही आश्चर्य वाटले. नटाचे सौंदर्य संहितेच्या निषेधावर मात करते, ही अडचण क्लर्मन यांनी सोळा वर्षांपूर्वीच ओळखली होती.

लोकस्मृतीत

टेनेसी विल्यम्स यांच्या नावे न्यू ऑर्लिन्समध्ये भरणाऱ्या साहित्य महोत्सवात सज्ज्याखाली उभे राहून स्टेलाच्या नावाने ओरडण्याची स्पर्धा होते. स्पर्धक फाटके टी-शर्ट घालून येतात. मूळ प्रसंगात ती आरोळी पत्नीला मारल्यानंतरची आहे, हे या जल्लोषात बहुधा विसरले जाते.

दूरचित्रवाणीवर ट्रीट विल्यम्स (१९८४) आणि अ‍ॅलेक बाल्डविन (१९९५) यांनी ही भूमिका केली. आंद्रे प्रेव्हिन यांच्या १९९८ मधील ऑपेरात ती रॉडनी गिल्फ्री यांनी गायली.

मराठीत

विजय तेंडुलकर यांनी या नाटकाचा 'वासनाचक्र' या नावाने मराठी अनुवाद केला. त्यांच्या स्वतंत्र 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकातील सखारामशी स्टॅन्लीची तुलना करता येते. दोघेही दारू पिणारे, घरात हुकूम चालवणारे आणि सभ्यतेचा तिटकारा असलेले पुरुष आहेत. मात्र निळू फुले यांनी रंगवलेल्या सखारामची ओढ देखणेपणातून येत नाही, ती त्याच्या उघड्या, निर्लज्ज प्रामाणिकपणातून येते. तोही शेवटी खून करतो, पण त्यानंतर तो कोसळतो. स्टॅन्ली मात्र मूळ नाटकाच्या अखेरीस स्टेलाला कुरवाळत असतो आणि शेजारी पत्त्यांचा पुढचा डाव मांडला जातो.