फी माफ, ताटाचे काय?

महाराष्ट्रात उच्च शिक्षण परवडण्याचा वाद निघाला की आपण फीपाशी थांबतो. जुनी कागदपत्रे आणि चरित्रे चाळताना मला मात्र या वादात आरंभापासून दोन प्रश्न दिसतात. शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, हा एक. परगावी आलेल्या मुलाने राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा दुसरा.

पहिला प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रोखठोक मांडला. सरकारी तिजोरी रयतेच्या साऱ्यावर भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणून प्राथमिक शिक्षण आधी, हा त्यांचा आग्रह.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात सापडते. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा वसतिगृह काढले आणि मग जैन, मुस्लीम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांना बळ दिले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९४७ साली तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ या सूत्रात विद्यार्थ्याचे श्रम त्याच्या शिक्षणाच्या खर्चाला लागत. या दोघांनाही एक गोष्ट नेमकी कळली होती: खेड्यातला मुलगा कॉलेजच्या दारापर्यंत पोचतो, पण तिथे टिकतो तो जेवणाच्या आधारावर.

१९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना फी-सवलत दिली, तीच ‘ईबीसी’. तिची कसोटी जात नव्हती, पालकाचे उत्पन्न होते. फुल्यांच्या आक्षेपाला राज्याने दिलेले हे उत्तर, असे मी मानतो. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातले आणि त्याच कागदावर पदवी घेतली. पण या सवलतीत खोलीभाडे आणि मेसचे बिल नव्हते.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. जागा वाढल्या, तसा खर्चाचा भार पालकांवर आला. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा झाला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा सवलतीच्या फीवर, निम्म्या जादा फीवर अशी योजना घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत निघाली. वीस वर्षांची ही सारी झटापट फी आणि जागा यांच्याभोवतीच फिरली.

२०२४ साली राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षणशुल्क माफ केले. निर्णय मोठाच आहे. निर्वाहभत्त्यासाठी स्वाधार आणि पंजाबराव देशमुख योजनाही आहेत. पण चर्चेत त्यांना फीच्या मागची जागा मिळते. शिक्षण परवडते की नाही, हे ठरवताना फीच्या पावतीशेजारी खोली, मेस आणि प्रवास यांचा वर्षभराचा हिशेब मांडला पाहिजे. कोल्हापूर-साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी तो मांडला गेला होता.