चर्चगेटचं चर्च आणि रामा कामत

येत्या हिवाळ्यात घरची दहा-बारा मंडळी मुंबईत जमणार आहेत आणि त्यांना फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. गाइड फुकटातला, म्हणजे मीच. बेत ऐकल्याबरोबर आत्याने विचारलं, "अरे, मुंबईत एवढं बघण्यासारखं असताना चर्चमध्ये काय बघायचं? तिथे आपलं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता बेत बराच बदलला, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात चर्चगेट स्टेशनपासून करायची. रोज लाखो माणसं हे नाव घेतात, पण यातलं चर्च कुठलं आणि गेट कुठलं हे फारसं कुणी विचारत नाही. चर्च म्हणजे हेच सेंट थॉमस. मुंबईच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. चर्चकडे जाणारा म्हणून चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडला, दरवाजेही गेले. नाव तेवढं उरलं, आणि ते पुढे स्टेशनला मिळालं.

स्टेशनातून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चालत निघायचं. हुतात्मा चौकात पोचलो की मंडळींना थांबवून सांगायचं, की साधारण इथेच तो दरवाजा होता. म्हणजे इथून पुढे आपण किल्ल्याच्या आत. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना नमस्कार करायचा आणि तसंच सरळ पुढे जायचं. हॉर्निमन सर्कलच्या थोडं अलीकडे चर्च लागतं.

आता थोडा इतिहास. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याने १६७६ मध्ये हे बांधकाम सुरू केलं. पुढच्याच वर्षी तो वारला आणि काम रखडलं. पंधरा फूट उंचीच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षं तशाच उभ्या होत्या! (रखडलेली बांधकामं ही मुंबईची जुनीच परंपरा दिसते.) १७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. त्याने मागे लागून वर्गणी जमवली, काम पुरं करून घेतलं आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. १८३७ मध्ये ते कॅथीड्रल झालं. जुन्या मुंबईतले मैलाचे दगड या चर्चपासूनचं अंतर सांगत, म्हणजे शहराचा शून्य मैल इथे होता.

आत गेल्यावर भिंतीभर स्मारकं आहेत. सगळी वाचत बसलं तर मुलं कंटाळतील, मोठे त्यांच्या आधी. म्हणून मी दोनच निवडलीत. पहिलं गव्हर्नर जोनाथन डंकनचं. १७९५ पासून १८११ मध्ये वारला तोपर्यंत तो इथला गव्हर्नर होता. काशीच्या मुलखात आणि काठियावाडात मुली जन्मताच मारण्याची जी चाल होती, ती बंद पाडण्यासाठी त्याने खटपट केली. त्याच्या स्मारकावर त्याचा उल्लेख आहे. हे मुलींना मुद्दाम दाखवायचं.

दुसरं कर्नल बर याचं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत इंग्रजी फौज याच्या हाताखाली होती. समोर बापू गोखले. आमच्याकडची पुण्याची मंडळी खडकीवरून रोज जातात, पण या बरचं नाव त्यांनी ऐकलेलं नसणार. बापू पुढच्या फेब्रुवारीत आष्टीला पडले. हे सगळं बरच्या दगडासमोर उभं राहून मराठीत सांगायचं, हळू आवाजात. राग राग करायला नको आणि भारावून जायलाही नको.

पण आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मिळालं ते १७१८ च्या नाताळात. उद्घाटनाला कोण कोण होतं याची हकीकत कॉबने लिहून ठेवली आहे. त्यात रामा कामत आहे. हा शेणवी व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांचा सरदार, मुंबईतलं बडं प्रस्थ. आपल्या जातीची माणसं घेऊन तो आला आणि परक्या भाषेतली, परक्या देवाची ती उपासना संपेपर्यंत सगळे उभे राहिले. त्याच्या तीनच वर्षं आधी, १७१५ च्या सुमारास, याच माणसाने पोर्तुगीजांनी पाडलेलं वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा बांधून घेतलं होतं.

त्या दिवशी गव्हर्नर होता चार्ल्स बून. महिनाभर आधीच त्याचा खांदेरीवरचा हल्ला कान्होजी आंग्र्यांनी परतवून लावला होता. घाव ताजा होता. दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, बूनच्याच कारकिर्दीत रामा कामतावर आंग्र्यांशी फितूर असल्याचा खटला चालला. छळ करून साक्ष मिळवली, पत्रं पुढे केली, मालमत्ता जप्त झाली. १७२८ मध्ये तो तुरुंगातच मेला. ती पत्रं बनावट होती हे नंतर उघडकीला आलं, पण त्याचा त्याला काय उपयोग?

म्हणून आत्याला सांगणार आहे, तिथे आपलं काय आहे ते भिंतीवर शोधू नकोस. या चर्चच्या पहिल्याच दिवशी आपला एक माणूस मान द्यायला उभा होता, आणि ज्यांना मान दिला त्यांनी त्याला काय दिलं ते हे असं. माझ्या मते चर्च बघायला जायचं ते या माणसासाठी. बूनचा दुष्टपणा एवढाच त्याचा अर्थ नाही. देऊळ बांधणारा माणूस चर्चच्या उद्घाटनाला आपणहून जातो, ही मुंबई त्या वेळीही होती. आणि संशय आला की ते सगळं विसरणारी मुंबईही त्याच वेळी होती.

बाकी सूचना साध्या. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा नको, मधला वार बरा. चपला काढायच्या नाहीत, टोपी मात्र काढायची. फोटो विचारून. बाकांवर पाच मिनिटं गप्प बसायचं, हे मुलांपेक्षा मामांना जास्त अवघड जाईल :) मग हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावलीला डबे उघडायचे आणि रामा कामताची गोष्ट तिथे सांगायची. तिला वेळ लागतो.

तिथून टॅक्सी करून थेट वाळकेश्वर. हा टप्पा आधी बेतात नव्हता, आता तो गाळता येणार नाही. संध्याकाळच्या आत बाणगंगेवर पोचायला हवं, नाहीतर आत्याला पायऱ्या दिसायच्या नाहीत.