लॉरेन्सची फटफटी आणि केर्न्सचें शिरस्त्राण

दोन फटफटीवाले रस्त्यांत भेटले म्हणजे त्यांच्याबरोबर असलेल्या तिसऱ्या माणसानें निमूटपणें बाजूस उभें राहावें, हें उत्तम. आधीं गाडीची विचारपूस होते, मग घाटाची, मग पावसाची. कोणाचें यंत्र चढणीवर दमत नाहीं, कोणाची गाडी पहिल्याच लाथेला सुरू होते, कोण एका दमांत पुण्याहून गोव्याला गेला, याची मोजदाद होते आणि चहा निवून जातो. माझ्या एका स्नेह्यापाशीं १९७८ सालची येझदी आहे. स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा त्याला पत्नीस विचाराव्या लागतात. परंतु गाडीचा कोणता भाग कोणत्या सालीं बदलला हें तो झोपेंतहि सांगेल.

श्रोतेहो, या छंदानें झपाटलेल्या माणसांत एक जगप्रसिद्ध पुरुष होऊन गेला. त्याच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळांनीं ऐकल्या आहेत. मला आज सांगावयाची आहे ती त्याच्या मोटारसायकलींची हकीकत, आणि त्याच्या मृत्यूनंतर एका शस्त्रवैद्यानें जें काम केलें त्याची.

पहिल्या महायुद्धांत तुर्कांविरुद्ध अरबांनीं जें बंड केलें, त्यांत त्यांच्या बरोबरीनें वाळवंट तुडविणारा इंग्रज अधिकारी म्हणजे कर्नल टी. ई. लॉरेन्स. युद्ध संपल्यावर त्याची कीर्ति एवढी वाढली कीं, तिच्यापासून लपण्यासाठीं त्यानें १९२२ सालीं नांव बदलून विमानदलांत साध्या शिपायाची नोकरी धरली. वर्तमानपत्रांनीं त्याला हुडकून काढलें, तेव्हां १९२३ च्या आरंभीं ती नोकरी गेली. मग ‘शॉ’ या नांवानें तो रणगाडा पथकांत शिरला, आणि १९२५ मध्यें पुन्हां विमानदलांत आला. स्वेच्छेनें कर्नलाचा शिपाई झालेल्या या माणसानें दारू, तंबाखू, संसार, सारेंच वर्ज्य केलें होतें. चैन एकच : ब्रफ सुपीरियर.

ही गाडी नॉटिंगहॅम येथें जॉर्ज ब्रफ नांवाचा कारागीर १९१९ पासून तयार करीत असे. ‘तयार करीत असे’ म्हणण्यापेक्षां ‘जुळवीत असे’ म्हणणें अधिक खरें. इंजिन बहुधा प्रेस्टविच यांच्या कारखान्यांतलें, गिअरची पेटी आणखी कोणाची. परंतु निवड ब्रफची आणि जुळणीहि त्याची. प्रत्येक गाडी दोनदां जुळविली जाई. एकदां सर्व भाग नीट बसतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं; मग ती सगळी सुटी करून, भागांना रंग व मुलामा चढवून, पुन्हां एकदां. १९२४ मध्यें त्यानें ‘एस. एस. १००’ ही गाडी काढली, आणि ती ताशीं शंभर मैल धांवेल असें लेखी आश्वासन तो गिऱ्हाइकाला देऊं लागला. ‘मोटारसायकलींतली रोल्स-रॉइस’ हें नांव तिला उगीच मिळालें नाहीं. १९४० पर्यंत अशा सुमारें तीन हजार गाड्या निघाल्या. पुढें युद्धाच्या कामांत कारखाना गुंतला तो गाड्यांकडे परत वळलाच नाहीं.

लॉरेन्सनें आयुष्यांत अशा सात गाड्या घेतल्या. त्यांना तो इंग्लंडच्या राजघराण्याप्रमाणें पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज असे क्रमांक देई. (खरा पांचवा जॉर्ज त्या वेळीं सिंहासनावर होता, त्याला ही गोष्ट ठाऊक होती कीं नाहीं कोण जाणे.) त्यांचें दुसरें नांव ‘बोआनर्जीस’, बायबलांत येशूनें आपल्या दोघां शिष्यांना दिलेलें तें नांव, अर्थ ‘मेघगर्जनेचे पुत्र’. १९२६ च्या सप्टेंबरांत त्यानें ब्रफला एक पत्र लिहिलें. १९२२ पासून पांच गाड्यांवर मिळून आपला एक लाख मैल प्रवास झाला, असें त्यांत तो कळवितो आणि रस्त्यावरील सुखाबद्दल त्याचे आभार मानतो. हिशेब करून पाहा : चार वर्षें, रोजचे सुमारें सत्तर मैल, तेंहि शिपायाची नोकरी सांभाळून! मोठमोठ्या लोकांशीं पत्रव्यवहार असलेला हा मनुष्य गाडी बनविणाऱ्याला पत्र लिहितांना मात्र थेट माझ्या येझदीवाल्या स्नेह्यासारखा होतो. कोणता जॉर्ज कोणत्या जॉर्जाहून सरस, हें सांगतांना त्याला भान राहत नाहीं.

आभाराचें हें पत्र तेव्हांच लिहिण्याचें कारण, त्याची बदली हिंदुस्थानांत झाली होती. १९२७ च्या जानेवारींत तो कराचीला आला. तेथील छावणींत त्यानें विमानदलांतील अनुभवांचें ‘द मिंट’ हें पुस्तक पुरें केलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्यें, सर्वांसाठीं प्रसिद्ध झालें. त्यांत एक प्रकरण या फटफटीचें आहे. इंग्लंडांतील सरळ रस्त्यावर एका संध्याकाळीं डोक्यावरून ब्रिस्टल जातीचें लढाऊ विमान जातें, वैमानिक हात करतो, आणि खालीं फटफटी व वर विमान अशी शर्यत लागते. कराचीच्या रुक्ष माळावर बसून त्यानें तो ओला, थंड रस्ता आठवला असेल, हें मनांत आणलें म्हणजे त्या पानांना निराळीच गोडी येते. पुढें त्याला वायव्य सरहद्दीवर मीरानशहा येथें धाडण्यांत आलें. तो हेर असल्याच्या वावड्या उठल्या, आणि १९२९ च्या जानेवारींत मुंबई बंदरांतून सरकारनें त्याला घाईघाईनें स्वदेशीं परत पाठविलें. तेथें मित्रांनीं गुप्तपणें वर्गणी करून एक नवी ब्रफ त्याच्यासाठीं घेऊन ठेवली होती. वर्गणीदारांत नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या पत्नी शार्लट या होत्या.

१९३५ च्या फेब्रुवारीअखेर तो नोकरींतून मुक्त झाला आणि डॉर्सेट परगण्यांत क्लाउड्स हिल येथील आपल्या लहानशा घरीं राहूं लागला. आठव्या जॉर्जाची मागणी त्यानें ब्रफकडे नोंदविली होती. १३ मे रोजीं तो सातव्या जॉर्जावर बसून बॉव्हिंग्टनच्या टपालकचेरींत एक तार करण्यास गेला. परतीच्या वाटेवर रस्त्याला उंचसखल भाग होता. समोर सायकलवरील दोन मुलें अचानक दिसलीं. त्यांना वांचविण्यासाठीं त्यानें गाडी वळविली आणि तो फेंकला गेला. डोक्यावर कांहींच नव्हतें. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजीं, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. आठवी गाडी त्याच्या हातीं आलीच नाहीं.

येथवरची कथा चरित्रकारांनीं पुष्कळदां सांगितली आहे. पुढची मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. त्या सहा दिवसांत लॉरेन्सच्या बिछान्याशीं बोलाविलेल्या तज्ज्ञांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. जन्मानें ते ऑस्ट्रेलियन. त्यांचें वय तेव्हां चाळिशीच्या आंत. त्यांना त्या रुग्णासाठीं कांहीं करतां आलें नाहीं. पण केवळ डोक्याच्या जखमेपायीं असा मनुष्य जावा, ही गोष्ट त्यांच्या मनांतून गेली नाहीं.

शिरस्त्राण तेव्हां अगदींच अज्ञात होतें असें नाहीं. एरिक गार्डनर नांवाच्या डॉक्टरानें शर्यतीच्या स्वारांसाठीं कापड व लाख यांचा टणक टोप करविला होता, आणि १९१४ पासून आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतींत तो सक्तीचा होता. म्हणजे शर्यतींत डोकें जपावयाचें आणि रस्त्यावर नाहीं, असा हा शिरस्ता! टोप घालणें म्हणजे आपण पडणार असें कबूल करणें, आणि कोणता स्वार तें कबूल करील?

दुसरें महायुद्ध सुरू झालें. दिवे मालवलेल्या काळ्याकुट्ट रस्त्यांवरून लष्कराचे निरोपे फटफट्या पिटाळूं लागले. केर्न्स यांनीं ऑक्सफर्ड येथें बसून मृत्यूंची टिपणें जमविलीं, आणि १९४१ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलांत तीं मांडलीं. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसणारे मेले होते. सर्वांत मोठें कारण डोक्याची इजा. याउलट टोप घालून जखमी झालेले अवघे सात स्वार त्यांच्या पाहण्यांत आले, आणि ते सातहि जगले. सात ही संख्या काय ती! परंतु लष्करानें ती मनावर घेतली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कामगिरीवरील स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें. पुढें १९४६ सालीं केर्न्स यांनीं महिनेवार मृत्युसंख्येचा आलेख छापला. नोव्हेंबर १९४१ नंतर त्याची रेषा खालीं उतरत जाते. खासगी पेट्रोलवर त्या काळीं कडक निर्बंध होते, तेव्हां सारेंच श्रेय टोपाला देतां येणार नाहीं. तरी रेषा उतरते ती उतरतेच.

केर्न्स १९५२ मध्यें वारले. सामान्य स्वाराला शिरस्त्राणाची सक्ती करणारा ब्रिटिश कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनीं, १९७३ मध्यें, अमलांत आला. आपल्याकडे १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या १२९ व्या कलमांत ती तरतूद झाली. पगडी बांधणाऱ्या शीखांना तींतून सूट आहे. बाकीच्यांना सूट नाहीं, पण ती आहेच असें मानून चालणारांची आपल्या पुण्यांत वाण नाहीं. २०१९ च्या आरंभीं येथें सक्तीची मोहीम निघाली, तेव्हां तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते.

गेल्या रविवारीं येझदीवाल्या स्नेह्याला मीं ही हकीकत सांगितली. ती त्यानें फार आवडीनें ऐकली. एस. एस. १०० चें इंजिन किती ताकदीचें, हें त्यानें मला दोनदां विचारलें. मग गाडीच्या आरशाला टांगलेला टोप तसाच ठेवून, पहिल्याच लाथेला गाडी सुरू करून, तो सिंहगडाकडे निघून गेला.