कात्रीच्या आधी निवड

बीबी का मकबरा पाहून परतणाऱ्या माणसास विचारा, तो घुमटाचे वर्णन करील, मिनारांचे करील. बागेचे नाव क्वचितच घेईल. तथापि बागेवाचून ती इमारत अपुरी आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ साली निवर्तली व १६६० च्या सुमारास तिची ही समाधी उभी राहिली. प्रवेशद्वारावरील लेखात अता-उल्ला आणि हंसपत राय ही नावे आहेत. समाधीपुढे पाट, कारंजी व चारबाग.

चारबागेची ही रीत इराणातून आली. तिचे आवडते झाड सरू. ते उपजतच उंच, निमुळते. म्हणूनच फारसी कवींनी सडपातळ बांध्यास त्याची उपमा दिली. आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे 'सुरू' हे झाड निराळे, हेही ध्यानी असावे.

युरोपाने दुसरी वाट धरली. ऑगस्टस बादशहाचा मित्र मॅटियस याने वृक्ष कातरून आकार देण्याची कला काढली, असे प्लिनी लिहितो. पुढे हा छंद इतका वाढला की, १७१३ साली इंग्रज कवी पोप याने त्याची यथेच्छ थट्टा केली. मुंबईच्या मलबार टेकडीवर १८८१ साली झालेल्या बागेतील झुडपांचे प्राणी त्याच कुळातले.

यातून आपण काय घ्यावे? सरूच्या जुन्या, तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली की तेथे पुन्हा पालवी सहसा फुटत नाही. राहते ते भगदाड. त्याची केवळ हिरवी टोके खुडावीत. हत्ती-मोर हवे असतील, तर मेंदी वा दुरांटा लावावा. ही झुडपे जुन्या फांदीवरही फुटतात. कुंपण तळाशी रुंद, माथ्याशी अरुंद ठेवावे, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळते. भर वैशाखात खोल छाटणी करू नये. आतील कोवळे पान करपते.

आणि झाड लावण्यापूर्वी त्याची पुढची उंची मोजावी. घुमट झाकणारे झाड लावावयाचे व मग जन्मभर त्याचा शेंडा तोडीत बसावयाचे, यात झाडाचाही अपमान आहे आणि वास्तूचाही. माळ्याच्या हाती कात्री देण्यापूर्वी आपण नीट निवड केली, तर त्या कात्रीस फारसे काम उरणार नाही.