भिन्नमताची संहिता : वीणा मजुमदार आणि राज्यशास्त्राचे मौन

मराठीतील स्त्रीवादी समीक्षेची पूर्वपीठिका सांगताना आपण बहुधा सिमोन द बोव्हारपासून आरंभ करतो आणि केट मिलेट, एलेन शोवाल्टर या वाटेने मराठी कादंबरीपाशी येतो. या वंशावळीत एका सरकारी अहवालाला सहसा स्थान मिळत नाही. ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ (1974) हा तो अहवाल. त्याच्या सिद्धतेत राज्यशास्त्राच्या अभ्यासक वीणा मजुमदार (1927–2013) यांचा वाटा मोठा होता.

मजुमदार पाटणा आणि बेऱ्हामपूर विद्यापीठांत राज्यशास्त्र शिकवीत. संविधानाने समता दिली आणि म्हणून स्त्रीप्रश्न तत्त्वतः सुटला, ही त्यांच्या पिढीतील सुशिक्षितांची धारणा होती. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयी 1971 मध्ये नेमलेल्या समितीच्या त्या पुढे सदस्य-सचिव झाल्या, आणि हीच धारणा तपासणीखाली आली. दर हजार पुरुषांमागे 1901 साली 972 स्त्रिया होत्या. 1971 साली 930 उरल्या. रोजगारातील स्त्रियांचा वाटाही घटत होता. हे आकडे जनगणनेत उपलब्धच होते; त्यांना प्रश्न विचारणारी ज्ञानशाखा तेवढी नव्हती. ‘नागरिक’ ही लिंगनिरपेक्ष भासणारी संज्ञा ज्या शास्त्राने पायाभूत मानली, त्याला घटलेली स्त्री दिसणे अवघडच होते.

समितीने विधिमंडळांतील राखीव जागांची शिफारस नाकारली. मजुमदार आणि विधिज्ञ लोतिका सरकार यांनी मात्र त्यावर भिन्नमत नोंदविले. अहवालाच्या रूढ रचनेत भिन्नमतपत्रिका ही परिशिष्टवत, समासातली संहिता असते. इतिहासाने हा क्रम उलटविला. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. लोकसभा आणि विधानसभा यांच्याबाबत अशी घटनादुरुस्ती संमत होण्यास 2023 साल उजाडावे लागले. समासातला मजकूर मुख्य संहितेत येण्यास जवळजवळ अर्धशतक लागले.

1980 मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या स्त्री-विकास अध्ययन केंद्राच्या मजुमदार संस्थापक-संचालक झाल्या. केंद्राने पश्चिम बंगालमधील बांकुरा जिल्ह्यात ग्रामीण श्रमिक स्त्रियांच्या संघटनांबरोबर काम केले. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याकडून शिकायचे, ही भूमिका येथे अभ्यासपद्धती झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये स्त्री-अध्ययनाचे संशोधन सुरू झालेच होते. तेथेच 1981 मध्ये स्त्री-अध्ययनाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली.

समीक्षेच्या दृष्टीने या कारकिर्दीचा अर्थ गंभीर आहे. मौन केवळ साहित्यकृतीत नसते. ते ज्ञानशाखेच्या संज्ञांतही असते. ‘वाचक’, ‘रसिक’, ‘सहृदय’ या आपल्या संज्ञांत कोण मोजले गेले आणि कोण गळले, हा प्रश्न समीक्षेने स्वतःला विचारल्याविना तिची स्त्रीवादी परिभाषा उसनीच राहील.