हिवताप आणि बालकांची वाढ

हिवतापाने दगावणाऱ्यांत सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले सर्वाधिक असतात. मृत्यूंचा आकडाच एवढा मोठा, की वाचलेल्या मुलांचे पुढे काय होते हा प्रश्न मागे पडतो. वयाच्या मानाने मुलाची उंची फार कमी राहिली, तर दोष सहसा निकृष्ट आहाराला आणि जुलाबांना दिला जातो. त्यांच्याबरोबर हिवतापालाही स्वतंत्र कारण मानावे, इतका पुरावा आज उपलब्ध आहे.

हे नुकसान जन्माआधीच सुरू होते. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीने बाधित झालेल्या तांबड्या पेशी गर्भवतीच्या वारेत चिकटून साठतात, गर्भाचे पोषण घटते आणि मूल कमी वजनाचे जन्मते. पहिलटकरणींना धोका जास्त, कारण वारेतल्या या संसर्गाविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीच्या बाळंतपणांतून येते. जन्मानंतर वारंवारचा ताप ऊर्जा खातो, भूक मारतो, आणि तांबड्या पेशी फुटत राहिल्याने रक्तक्षय जडतो. शिवाय दाहामुळे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून आतड्यातले लोहाचे शोषण मंदावते. ताटात लोह असूनही ते रक्तापर्यंत पोचत नाही. ताप न आणता महिनोन्‌महिने रेंगाळणारा संसर्गही रक्तक्षय टिकवून ठेवतो, आणि दवाखान्याच्या नोंदवहीत तर तो येतच नाही.

यावरचा मुख्य आक्षेप गरिबीचा आहे. ज्या घरात मच्छरदाणी नाही, तिथे बहुधा पुरेसे अन्नही नसते; गांबियात तर धान्य संपत येण्याचे दिवस आणि डासांचे दिवस पावसाळ्यात एकत्रच येतात. नुसत्या निरीक्षणाने हा गुंता सुटत नाही. तो सोडवायला निसर्गानेच केलेली वाटणी कामी आली. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेल्या मुलांना हिवताप कमी होतो, आणि हे जनुक घरची मिळकत पाहून येत नाही. घानाच्या अशांती भागातील मुलांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या फरकाचा आधार घेऊन हिवतापामुळे खुजेपणा येतो असा निष्कर्ष काढला. हे जनुकच वाढीला पोषक असेल, अशी शंका घेता येते. पण हिवताप नसलेल्या अमेरिकेत ते असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या वाढीत असा फरक दिसला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हिवताप रोखला तर मुले उंच व्हायला हवीत. पश्चिम केनियात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे तान्ह्या मुलांची वजनवाढ सुधारली खरी, पण उंचीबाबत निरनिराळ्या चाचण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. उंची सावकाश बदलते आणि चाचण्या अल्पकाळाच्या असतात, हे त्याचे अंशतः उत्तर. शिवाय आहार तोकडाच राहिला, तर ताप थांबूनही वाढीची भरपाई होणार कशातून? उलट बाजूने, नुसत्या पोषणानेही भागत नाही. टांझानियातील पेम्बा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिल्यावर रुग्णालयात भरती होण्याचे व मृत्यूचे प्रमाण वाढले आणि ते देणे थांबवावे लागले. २००६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर, हिवतापग्रस्त भागात लोह द्यायचे तर प्रतिबंध आणि उपचारांची जोड हवी, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने घेतली.

ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर२१ या हिवतापावरील लशीची शिफारस या संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. अशा लशींचा हिशेब ताप आणि मृत्यू यांपुरताच ठेवला, तर त्यांच्या लाभाचा एक भाग मोजायचा राहून जाईल.